विश्लेषण : ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’चा खटला कोर्टात कशामुळे पडतो?

शनिवारची रात्र. उड्डाणपूल उतरताच बॅरिकेड लागलेले असतात. हवालदार काच खाली घ्यायला सांगतो, तोंडासमोर यंत्र धरतो आणि म्हणतो, ‘फुंका.’ काही सेकंदांत कागदाच्या चिटोऱ्यावर एक आकडा छापून येतो. तो ३० च्या आत असेल तर ‘जा साहेब’, वर असेल तर गाडी बाजूला. लायसन्स जमा होते, कोर्टाची तारीख लागते आणि घरी काय सांगायचे याची जुळवाजुळव सुरू होते.

बहुतेकांच्या लेखी प्रकरण इथेच संपलेले असते. यंत्राने सांगितले म्हणजे माणूस प्यालेला होता. पण न्यायालयात तो चिटोरा हा फक्त एक पुरावा असतो आणि प्रत्येक पुराव्याप्रमाणे त्याचीही उलटतपासणी होते. आरोपीचा वकील नेमके काय विचारतो आणि त्या प्रश्नांपुढे पोलिसांची बाजू का कोसळते, हे पाहिले पाहिजे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पळवाटा दाखवणे हा यामागचा हेतू नाही. निष्काळजीपणे गोळा केलेला पुरावा खऱ्या दोषीला सोडतो आणि कधी कधी भलत्यालाच अडकवतो.

कायद्यात नेमके काय लिहिले आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंतच होता.

त्याच दुरुस्तीने आणखी एक बदल केला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. पूर्वी कलमात फक्त श्वास-चाचणीचा उल्लेख होता. त्यामुळे यंत्राचा निष्कर्ष नाही, नुसता रक्ताचा अहवाल आहे, अशा प्रकरणांत बचाव पक्ष थेट कलमाच्या शब्दांवर बोट ठेवायचा. आता ‘प्रयोगशाळेतील चाचणीसह इतर कोणतीही चाचणी’ असे शब्द आले आणि तो युक्तिवाद संपला.

कलमात ‘प्यालेला’ असा शब्द नाही, ‘३० पेक्षा जास्त’ असा आकडा आहे. म्हणून तोंडाला वास येत होता, पाय लटपटत होते, एवढ्यावर या कलमाखाली शिक्षा टिकवणे कठीण जाते. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले होते की तोंडाचा वास, झोकांड्या, अडखळते बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून, रक्त किंवा लघवीची तपासणी न करता, माणूस दारू प्यालेला होता असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. पन्नास वर्षांनंतरही वकील हा निकाल खिशात घेऊन फिरतात.

यंत्र चुकू शकते का?

चुकू शकते, पण बहाणे करणाऱ्यांना वाटते तितके नाही.

कायदा रक्ताबद्दल बोलतो आणि यंत्र मोजते श्वास. मधला पूल एका गुणोत्तराचा आहे. फुप्फुसाच्या खोल भागातून आलेल्या २१०० मिलिलिटर हवेत जितके अल्कोहोल, तितकेच एक मिलिलिटर रक्तात, असे गृहीत धरून यंत्र हिशेब करते. रक्तातले ३० मिलिग्रॅम म्हणजे एक लिटर श्वासात साधारण ०.१४ मिलिग्रॅम. पण २१०० ही सरासरी आहे. माणसागणिक ती बदलते, अंगात ताप असेल तर बदलते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेतही एरर न लिहिता रीडिंग दिले तर जर्नल परत मिळते. रस्त्यावरच्या चिटोऱ्यावर मात्र अधिक-उणेचा रकाना नसतो.

याचा उपयोग सीमारेषेवरच होतो. आकडा ३४ असेल तर यंत्राची अचूकता, शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले, त्याचे प्रमाणपत्र कुठे आहे, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. आकडा १४० असेल तर कॅलिब्रेशनचा कागद हरवला म्हणून माणूस शुद्धीत होता, असे म्हणणे अवघड आहे. पण तो कागद हरवू देणाऱ्या यंत्रणेला न्यायालयात त्याची किंमत मोजावीच लागते.

दुसरी अडचण तोंडातल्या अल्कोहोलची. माउथवॉश, काही खोकल्याची औषधे, नुकताच घेतलेला घोट, यांचा अंश तोंडात राहतो आणि यंत्र तो फुप्फुसातला समजते. पंधरा मिनिटे थांबले की हा परिणाम ओसरतो. म्हणून पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन वेळा मोजणे ही सर्वांत सोपी खबरदारी आहे. वैमानिकांच्या बाबतीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२३ च्या नियमांत अल्कोहोल असलेले माउथवॉश वापरायलाच मनाई केली. रस्त्यावर अशी मनाई नाही आणि दुसरे रीडिंग घेण्याइतका वेळही कुणाजवळ नसतो. स्वस्त सेमीकंडक्टर सेन्सर असेल तर तो अल्कोहोलखेरीज इतर वाफांनाही, उदाहरणार्थ मधुमेहींच्या श्वासातल्या ॲसिटोनला, प्रतिसाद देऊ शकतो. फ्युएल सेलवर चालणारी यंत्रे यात बरीच भरवशाची.

आणि आधीच्या माणसाचे काय? त्याच यंत्रात दोन मिनिटांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी फुंकलेले असते. म्हणून प्रत्येक चाचणीआधी नुसती हवा तपासून आकडा शून्य येतो का, हे पाहायचे असते. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नेमका हाच मुद्दा धरला. आधीच्या हवेच्या चाचणीत शून्य आलेले नसेल तर पुढच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, असे सांगून त्या चालकावरचा १८५ खालचा खटला रद्द केला.

‘मी फुंकणारच नाही’ म्हटले तर?

मित्रमंडळींत फिरणारा हा सगळ्यात चुकीचा सल्ला. संशयाला वाजवी कारण असेल आणि चालकाने नकार दिला, तर कलम २०३ खाली त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. पोलीस ठाण्यात नेल्यावर कलम २०४ नुसार रक्ताचा नमुना मागता येतो. तिथेही नकार दिला, तर कलम २०५ लागू होते. पटण्याजोगे कारण नसेल तर तो नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येतो. दम्याचा झटका, छातीला मार ही कारणे होऊ शकतात. ‘माझे काका कोण आहेत माहीत आहे का’ हे होऊ शकत नाही.

पण पोलिसांवरही बंधने आहेत. फुंकायला सांगणारा अधिकारी गणवेशात हवा. अटक झालेल्याला ठाण्यात श्वास-चाचणीची संधी द्यावी लागते. महिलेच्या रक्ताचा नमुना महिला डॉक्टरनेच किंवा महिलेच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो. आणि कलम २०२ म्हणते की १८५ खाली अटक केलेल्याची दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्याला कोठडीतून सोडावे लागते.

ही दोन तासांची मर्यादा उगाच आलेली नाही. शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १० ते २० मिलिग्रॅम अल्कोहोल जाळते. पहाटे घडलेल्या अपघाताचा नमुना दुपारी घेतला तर त्यात काय सापडणार? उलट बाजूही आहे. शेवटचा पेला नुकताच रिकामा केलेला असेल तर रक्तातले प्रमाण पुढचा काही काळ वाढतच राहते. म्हणजे गाडीत २५ असलेला माणूस ठाण्यात ४० दाखवू शकतो. बचाव पक्षाचा हा युक्तिवाद ऐकायला चलाख वाटतो, पण विज्ञानाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही.

रक्ताची कुपी कुठे कुठे गेली?

खरी लढाई इथे होते. मुंबईकरांना एक उदाहरण पाठ आहे. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात हिल रोडवर बेकरीबाहेर झोपलेल्या कामगारांवर गाडी चढली. एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. आरोपी होता अभिनेता सलमान खान. रक्ताच्या अहवालात १०० मिलिलिटरमागे ६२ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट आकडा होता. सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता केली.

रक्ताचा अहवाल का टिकला नाही? बचाव पक्षाने साधा हिशेब मांडला. रुग्णालयात सहा मिलिलिटर रक्त घेतल्याची नोंद, प्रयोगशाळेत पोहोचल्याची नोंद चारची. नमुना दोन दिवस कुणाच्या ताब्यात, कशा अवस्थेत होता याची साखळी नीट जुळेना. मग ६२ हा आकडा त्याच रक्ताचा, असे खात्रीने कसे म्हणायचे? खटला केवळ याच मुद्द्यावर पडला नाही, मुख्य साक्षीदाराची साक्षही न्यायालयाला विश्वासार्ह वाटली नाही. पण कुपीचा प्रवास सिद्ध न होणे हा मोठा घाव होता.

याच्या शेजारी कार्टर रोडचे प्रकरण ठेवून पाहा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल आढळले होते. तिथे पुरावा टिकला आणि सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. दोन्ही ठिकाणी रस्त्यावर झोपणारी गरीब माणसे, दोन्ही ठिकाणी वांद्र्याची पहाट.

कुपीबाबतचे नियम अवघड नाहीत. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल. कुपीत रक्त टिकवणारे द्रव्य हवे, नाहीतर ते सडताना स्वतःच अल्कोहोल तयार करू शकते. सील, सही, वेळ, कुणी दिले आणि कुणी घेतले याची नोंद हवी. वकील नेमके हेच विचारतो, आणि दहा वर्षांनी साक्षीला आलेल्या हवालदाराला फ्रिजची चावी कुणाकडे होती ते आठवत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते मारले गेले. त्यानंतर पोलिसांनी ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक केली. आरोप असा की अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलला गेला. तोवर आपण साखळी हलगर्जीपणाने तुटते असे समजत होतो. ती पैसे मोजून तोडता येते, हा आरोप त्या दिवसापासून समोर आहे. लोकांना तीनशे शब्दांच्या निबंधाची अट लक्षात राहिली. आमच्या मते खरा हादरा कुपीचा होता.

निर्दोष सुटलो, आता विमा मिळेल?

मिळेलच असे नाही. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे (योगायोगच) धडकून जळाली. श्वास किंवा रक्ताची चाचणी नव्हती, तरीही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळताना कंपनीला १८५ चा आकडा सिद्ध करावा लागत नाही. चालक दारूच्या अमलाखाली होता, हे इतर पुराव्यांवरून दाखवले तरी पुरते. फौजदारी खटल्यात ‘वाजवी संशयापलीकडे’ ही मोजपट्टी, विम्याच्या दाव्यात ती तितकी कडक नाही.

बचाव नेमका कुणाला परवडतो?

कुपीत सहा मिलिलिटर होते की चार, हे शोधायला वेळ लागतो, प्रमाणपत्रे मागवणारा वकील लागतो, तारखांना यायची सवड लागते. कॅब किंवा रिक्षा चालवणाऱ्याला एका तारखेला जायचे म्हणजे एका दिवसाची कमाई सोडायची. तो गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, सुटलो म्हणतो. आकडा ३३ होता की १३३, यंत्र कधी तपासले होते, हे कुणी विचारतच नाही. पण ती कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढच्या वेळी तो ‘दुसरा गुन्हा’ करणारा असतो.

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीत असलेले आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. दंडाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

पोलिसांच्या बाजूनेही पाहायला हवे. रात्री दोनला चौकात उभा असलेला हवालदार शिव्या खातो, कधी गाडी अंगावर घेतो. त्याच्या हातात जुने यंत्र देऊन प्रयोगशाळेची अचूकता मागणे अन्यायाचे आहे. त्यामुळे मागणी वरच्यांकडे करायची. चिटोऱ्यावर यंत्राचा क्रमांक, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि आधीच्या हवेचे शून्य छापलेले असावे. आकडा ५० च्या आत असेल तर पंधरा मिनिटांनी दुसरे रीडिंग सक्तीचे असावे. रक्त घेतानाचे चित्रीकरण व्हावे आणि कुपीवर बारकोड असावा. ऑनलाइन मागवलेला सदरा कुठल्या गोदामात आहे हे फोनवर कळते, मग मनुष्यवधाच्या खटल्यातली कुपी कुठे आहे हे का कळू नये?

एक व्यवहाराची गोष्ट. कोर्टातला खटला आणि लायसन्स हे दोन वेगळे मामले आहेत. जमा केलेले लायसन्स आरटीओकडे जाते. कलम १९ नुसार पहिल्या वेळी ते तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येते, पुन्हा सापडल्यास रद्दच. पण त्याआधी चालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि आदेशात सविस्तर कारणे लिहावी लागतात. त्या सुनावणीची नोटीस आली तर जा. जाताना चिटोऱ्याचा फोटो न्या, कारण थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडून जाते.