ब्लेड घेताना

आपल्या घरांत ब्लेड म्हटले की दाढीचे ब्लेड आठवते. टेबल टेनिस खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी हाच शब्द दुसऱ्या अर्थाने असतो. बॅटचा मुठीसकट जो लाकडी भाग, तो ब्लेड. आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटवतात ते रबर. शाळेत किंवा ऑफिसच्या रिक्रिएशन क्लबात जी तयार बॅट असते तिच्यात दोन्ही एकत्र चिकटवूनच आलेले असते. मूल जरा बरे खेळू लागले, की प्रशिक्षक सांगतात, "आता हिला ब्लेड आणि रबर वेगळे घ्या." इथून आईबापांची पंचाईत सुरू होते.

आमच्याकडे संध्याकाळी लोक येतात ते बहुधा दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि प्रवेशाची भानगड घेऊन. मागच्या महिन्यात मात्र भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ फर्निचरचे काम करणारे एक गृहस्थ वेगळाच कागद घेऊन आले. ते एका दुकानाचे कोटेशन होते. मुलगी आठवीत आहे, तीन वर्षे खेळते. फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही बऱ्यापैकी, पुश येतो, ब्लॉक येतो, टॉपस्पिन नुकताच शिकते आहे. म्हणजे ज्याला ऑलराउंड खेळ म्हणतात तो. दुकानदाराने १२,००० रुपयांचे कार्बनचे ब्लेड आणि प्रत्येकी ३,००० ची दोन रबरे, असा १८,००० चा आकडा लिहून दिला होता. हप्त्याची सोयही सांगितली होती.

"साहेब, भिशीचा नंबर पुढे ओढून घेतो. पण हे घेतल्याने पोरीचा खेळ वाढेल का, तेवढे सांगा."

आम्ही सांगितले, दादा, वाढणार नाही, उलट अडेल. हाच प्रश्न आणखी दोन-तीन घरांतून आला म्हणून या वेळी सदरात तेच सविस्तर लिहीत आहोत. आम्ही काही प्रशिक्षक नव्हे. पण ऑफिसांच्या आपसांतल्या स्पर्धा आम्ही पुष्कळ वर्षे खेळलो आहोत आणि वस्तीतल्या मुलांच्या बॅटा निवडण्यात आमचे बरेच रविवार गेले आहेत.

ब्लेड म्हणजे शेवटी प्लायवूडच. फर्निचरवाल्या दादांना हे एका वाक्यात कळले. पातळ पातळ लाकडाचे थर एकावर एक चिकटवायचे, पाच किंवा सात. संख्या विषम, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही अंगांना सारखी जोडी बसते. मधला थर जाड आणि हलका असतो, बहुतेक ब्लेडांत आयूस नावाच्या आफ्रिकन लाकडाचा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या थरांत रेषा बहुधा आडव्या, आणि बाहेरच्या थरांत पुन्हा मुठीच्या दिशेने उभ्या. बाहेरचा थर लिम्बाचा असेल तर ब्लेड मऊ लागते, कोटोचा असेल तर कडक. (लिम्बा म्हणजे आपला कडुनिंब नव्हे. तेही आफ्रिकेतलेच झाड.) जपानी हिनोकीच्या एकाच जाड फळीची ब्लेडेही असतात, पण ती पेनहोल्ड पकडीने खेळणारे वापरतात, आपल्याला त्यात शिरायचे कारण नाही.

आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम असा, की ब्लेडच्या जाडीचा निदान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकूड असला पाहिजे. उरलेल्यात कार्बनच्या किंवा काचेच्या तंतूंचा पातळ थर घालता येतो, आणि असा एक थर ०.३५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. एवढ्याशा थराने लाकूड ताठ होते. चेंडू फळीवर क्षणभर बसायचा तो बसत नाही, लगेच निघून जातो. शिवाय चेंडू मध्यावर न लागता कडेला लागला तरी जोरात जातो. ज्याचा स्ट्रोक पक्का झाला आहे त्याला हे वरदान. ज्याचा व्हायचा आहे त्याला शाप.

याचे कारण समजून घ्यावे. टॉपस्पिन म्हणजे चेंडूला पुढून नुसते मारणे नव्हे, खालून वर घासत नेणे. त्यासाठी पाय, कंबर, खांदा आणि कोपर असा सगळा फिरवावा लागतो. मऊसर, लवचीक पाच थरांचे ब्लेड असले, की चेंडू जावा म्हणून मुलाला तो पूर्ण फिरवावाच लागतो, आणि चेंडू किती वेळ रबरावर राहिला, कुठे घासला, ते हाताला कळते. वेगवान ब्लेडने अर्ध्या हातानेच चेंडू टेबलाबाहेर जातो. दोन-चार बाहेर गेले, की मूल आपोआप हात आखडते. स्ट्रोक अर्धा होतो, मनगटाने टोचणे सुरू होते. ब्लॉक उडतात म्हणून बॅट झाकली जाते, मग चेंडू जाळीत. पालकांना वाटते पोर घाबरते. घाबरत नसते, ब्लेड तिला घाबरवत असते. आखडलेला हात पुन्हा मोकळा करायला पुढे फार वेळ जातो, हे आम्ही एकाहून अधिक मुलांत पाहिले आहे.

दुकानदाराने त्या दादांना सांगितले होते, की २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचे चेंडू आले, त्यांना वेग आणि फिरकी कमी, म्हणून आता कार्बनच पाहिजे. पहिले अर्धे वाक्य खरे आहे. प्लॅस्टिकच्या चेंडूला फिरकी थोडी कमीच बसते. पण ती तक्रार वरच्या दर्जाच्या खेळाडूची. आठवीतल्या मुलीचे गुण वेग कमी पडल्याने जात नाहीत, चेंडू टेबलावर न पडल्याने जातात.

बॅटने खेळ बदलतो हे मात्र खोटे नाही, आणि त्याचा जगातला सर्वांत गाजलेला दाखला आपल्या मुंबईतला आहे. १९५२ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली. आशियात ती पहिल्यांदाच होत होती. तोवर सगळे जण दाणेदार कडक रबराच्या बॅटने खेळत, आणि चेंडू लागला की टकटक आवाज येई. त्या आवाजावरून समोरच्याला अंदाज बांधता येई. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. आवाजच नाही! चेंडू केव्हा सुटला, किती जोरात सुटला, कुणाला उमगेना. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातो जगज्जेता झाला. पुढे १९५९ मध्ये महासंघाने रबर आणि स्पंज यांच्या जाडीवर मर्यादा घातली. आज स्पंज, रबर आणि गोंद मिळून एका बाजूला ४ मिलिमीटरच्या वर जाता येत नाही. आमच्या दृष्टीने गंमत पुढची आहे. सातोला एकेरीचे जागतिक विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. स्पंज मात्र पुढे सगळ्यांनीच घेतला.

आता प्रत्यक्ष निवड. सुधारत्या ऑलराउंड खेळाडूला पाच थरांचे, निव्वळ लाकडाचे, साडेपाच ते सहा मिलिमीटर जाडीचे ब्लेड घ्यावे. स्वीडनच्या स्टिगा कंपनीचे ऑलराउंड क्लासिक, जपानच्या यासाकाचे स्वीडन एक्स्ट्रा, जर्मनीच्या डॉनिकचे अ‍ॅपलग्रेन ऑलप्ले ही या जातीची जुनी, नावाजलेली ब्लेडे. मेरठच्या स्टॅगचीही ऑलराउंड ब्लेडे मिळतात आणि स्वस्त पडतात. बटरफ्लायचे प्रिमोरॅक यांच्याहून थोडे वेगवान, ते पुढच्या पायरीला. ब्लेडवर 'ऑल', 'ऑफ', 'डेफ' असे छापलेले असते, म्हणजे ऑलराउंड, आक्रमक, बचावात्मक. पण हे शिक्के कंपन्या आपापल्या मर्जीने मारतात, महासंघाचे त्याला मोजमाप नाही. एका कंपनीचे 'ऑल' दुसरीच्या 'ऑफ'इतके वेगवान निघू शकते. म्हणून उघड्या ब्लेडवर चेंडू टप्पे घेऊन पाहावा. आवाज जाडसर, खालच्या पट्टीतला आला तर ब्लेड मऊ. किणकिणता, वरच्या पट्टीतला आला तर ताठ आणि वेगवान. कान शहाणा असतो.

वजनाकडे कुणी पाहत नाही, आणि तिथेच फसगत होते. एकाच नावाच्या दोन ब्लेडांत सात-आठ ग्रॅमचा फरक सहज असतो, कारण लाकूड शेवटी लाकूड. दुकानात काटा मागावा, लाजू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ८० ते ८५ ग्रॅमचे ब्लेड पुरे. कापलेले एकेक रबर ४० ते ५० ग्रॅम भरते, म्हणजे बॅट १६० ते १८५ पर्यंत जाते. दोन तासांच्या सरावानंतर मनगट आणि खांदा दुखू लागला, तर आधी बॅट वजन करून पाहा.

मूठ तीन तऱ्हांची. खाली पसरत जाणारी ती फ्लेअर, सरळ ती स्ट्रेट, आणि तळव्याच्या खळग्यात बसावी म्हणून मध्ये फुगवलेली ती अ‍ॅनाटॉमिक. बहुतेक मुलांना फ्लेअर बरी पडते. अ‍ॅनाटॉमिक वाढत्या हाताला घेऊ नये, सहा महिन्यांत खळगा आणि फुगवटा यांचे जमेनासे होते.

रबराचे दोन शब्दांत. स्पंज १.८ ते २.० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना साधे गुळगुळीत रबर, आणि त्यावर महासंघाचा म्हणजे आयटीटीएफचा शिक्का. एक बाजू काळी आणि दुसरी लाल. २०२१ पासून लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा, निळा हे रंगही चालतात. मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर वापरते म्हणून आपल्या मुलीलाही तेच पाहिजे, असा हट्ट घरात होतो. प्रशिक्षक म्हणेपर्यंत तो मानू नये.

चिकटवायला पाण्याचा गोंद मिळतो तोच वापरावा. पूर्वी स्पीड ग्लू लावत. त्याच्या वाफा आरोग्याला वाईट म्हणून २००८ मध्ये त्यावर बंदी आली. फर्निचरवाल्या दादांचा हात लगेच आपल्या कारखान्यातल्या डब्याकडे वळला होता, तो आम्ही थांबवला. तो गोंद लावला की रबर पुन्हा सुटत नाही आणि सुटलेच तर लाकडाचे धागे घेऊन सुटते. पहिल्या वेळी रबर लावण्याआधी लाकडावर वॉर्निशचा एकच पातळ हात द्यावा, म्हणजे पुढे धागे निघत नाहीत. जाड हात दिला तर मऊ ब्लेड कडक होऊन बसते, मग कशाला एवढा खटाटोप केला? रबर कापायला मात्र आपले दाढीचे ब्लेड चालते.

आता आमच्या शिक्षणाप्रमाणे थोडा जमाखर्च. ब्लेड हा भांडवली खर्च, रबर हा चालू खर्च. चांगले ऑलराउंड ब्लेड तीन-चार हजारांच्या आसपास येते. ३,५०० धरा. पाच वर्षे टिकले तर वर्षाला ७०० पडले. साधे बरे रबर १,५०० चे धरले आणि रोजच्या सरावात सहा महिन्यांनी दोन्ही बाजू बदलल्या, तर वर्षाला ६,००० झाले. खरा खर्च इथे आहे! कोटेशनातली ३,००० ची रबरे घेतली तर हाच आकडा १२,००० होतो, आणि हप्ते फिटायच्या आत पहिली रबरे गुळगुळीत होऊन मेलेली असतात. मग बारा हजारांच्या ब्लेडवर मेलेले रबर लावून मूल खेळते, ही स्थिती आम्ही पाहिली आहे. वाचलेला पैसा रबराला, बसभाड्याला आणि टेबलाच्या तासांना ठेवावा. रबर टिकवायचे तर खेळून झाले की ओल्या फडक्याने पुसावे, वर प्लॅस्टिकचा कागद लावून बॅट कव्हरात ठेवावी. पत्र्याच्या घरात माळ्यावर किंवा पत्र्याला लागून ठेवू नये, उन्हाळ्यात तिथे रबर भाजून निघते.

त्या घरात एक बोलणे निघाले तेही लिहितो. आजी म्हणाल्या, पोरीच्या खेळावर एवढा पैसा कशाला? त्याच घरात धाकट्या मुलाला क्रिकेटची बॅट काही न विचारता आली होती. आम्ही आजींना एवढेच सांगितले, की २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या ज्या महिला संघाने टेबल टेनिसचे सुवर्णपदक घेतले, त्यात आपल्या पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होती. आजींनी तोंडाने काही कबूल केले नाही. पण भिशीचा विषय मागे पडला आणि साडेतीन हजारांचे ठरले.

वडिलांच्या मनात नोकरीचेही होते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेही खेळाडू घेते, हे खरे. पण ते ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळते. त्या भरवशावर कर्ज काढू नये आणि अभ्यास तर मुळीच सोडू नये. प्रमाणपत्रे मात्र पहिल्या स्पर्धेपासून फाईलला लावून ठेवावीत.

साडेतीन हजारही जड असतील त्यांनी जुने ब्लेड पाहावे. वरच्या गटातली मुले ब्लेड बदलतात तेव्हा पहिले ऑलराउंड ब्लेड घरात पडून राहते, प्रशिक्षकांना विचारले की कळते. घेताना रबर काढून दाखवायला सांगा. बाहेरच्या थराचे धागे निघाले आहेत का, कडेला थर सुटले आहेत का, टेबलावर आपटून कोपरा दबला आहे का, मूठ हलते का, हे पाहा. बोटाने सगळीकडे टिचक्या मारा. एका जागी फुटका, पोकळ आवाज आला तर आत थर सुटला आहे, ते घेऊ नका. कडेचे छोटे टवके चालतात, त्यावर पट्टी चिकटवता येते.