दरीत उतरताना पाण्याचा माग काढा

पाऊस सुरू झाला की पुण्याहून लोणावळ्याला जाणारी सकाळची लोकल पाठीवर सॅक लावलेल्या तरुणांनी भरून जाते. कामशेतला उतरणारे बेडसे, तिकोना आणि पवनेच्या काठाकडे वळतात. मळवलीला उतरणारे भाजे, लोहगड, विसापूरची वाट धरतात. या गर्दीत अलीकडे आपल्या वस्त्यांमधली मुले-मुलीही दिसतात. सुट्टीच्या दिवशी चार मित्र जमवून, डबा बांधून ती निघतात. आम्हाला हे पाहून आनंद होतो.

चळवळीतल्या काही ज्येष्ठांना मात्र तो होत नाही. एका बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला सुनावले, "आपल्या आज्या डोंगर चढल्या त्या लाकडाच्या मोळीसाठी. तुम्ही हौसेने चढता. समाजापुढे एवढे प्रश्न असताना हे खात्यापित्या घरांचे चोचले कशाला?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे, कारण तो अगदीच चुकीचा नाही. आमचे म्हणणे दोन भागांत आहे. पहिले असे की डोंगरदऱ्यांत मोकळेपणाने फिरणे हा चोचला नसून हक्क आहे आणि तो आपल्याला सहज मिळालेला नाही. दुसरे असे की आपण हा हक्क वापरतो, पण डोळे मिटून वापरतो. फिरायला जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. उघड्या डोळ्यांनी जा, एवढेच म्हणतो.

सहलीलाही हक्क लागतो

१९३४ साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे एक इच्छा व्यक्त केली. कुठेतरी सहलीला जाऊ, तुम्ही बरोबर चला. बाबासाहेब तयार झाले. कार्यक्रमात वेरूळची बौद्ध लेणी असलीच पाहिजेत असे ठरले. सुमारे तीस जणांची ही मंडळी बसने निघाली आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद होता. काहींनी तिथे हातपाय, तोंड धुतले.

थोड्याच वेळात ओरडा झाला, अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून. शिवीगाळ झाली, जमाव जमला. ओरडणारे हिंदू नव्हते, मुसलमान होते. तुमचा धर्म हेच शिकवतो का, असे बाबासाहेबांनी त्यांना खडसावून विचारले. शेवटी किल्ल्यात सोडले, पण पाण्याला कुठे हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे. हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य, तो इतरांच्या लेखीही अस्पृश्यच ठरतो, हे दाखवण्यासाठी तो सांगितला आहे.

लक्षात घ्या, ती सहल होती. मोर्चा नव्हता, परिषद नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन सात वर्षे झाली होती. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला, गोलमेज परिषदेत आपल्या लोकांची बाजू मांडून आलेला माणूस एक किल्ला पाहायला गेला आणि त्याच्या मागे पाण्यावर नजर ठेवणारा शिपाई चालला.

म्हणून त्या ज्येष्ठांना आम्ही नम्रपणे सांगतो, हौसेने डोंगर चढणे ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही. मोळीसाठी डोंगर चढलेल्या आजीची नात त्याच वाटेने रिकाम्या डोक्याने, गाणे म्हणत चढते, तेव्हा काहीतरी बदललेले असते.

डोंगरावरचे दान

आता या दरीकडे पाहू. इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांची खोरी म्हणजे आपले मावळ. पुणे-लोणावळा लोकलच्या याच मार्गावर देहूरोड लागते, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुढे तळेगाव लागते, जिथे त्यांचा बंगला होता. आणि त्याच्याही पुढे कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी. म्हणजे लोकलच्या एका तिकिटात दोन हजार वर्षांचा आपला इतिहास आहे.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची मानली जातात. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, देशातल्या कोरीव चैत्यगृहांमध्ये सर्वांत मोठे. गाईड एवढे सांगतो. मग हत्ती, सिंहस्तंभ, लाकडी तुळया दाखवतो आणि मोकळा होतो. भिंतीवरची अक्षरे कोणी वाचून दाखवत नाही.

ती अक्षरे काय सांगतात? कार्ल्याला धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याचे कोरलेले आहे. त्याच गावच्या एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, दानही तिथे आहे. खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत. बेडशाला नाशिकच्या श्रेष्ठीच्या मुलाचे दान आहे. भाज्याला बाधा नावाच्या बाईचे दान आहे. ती हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्याची, बायको होती. राजाच्या नावाने इतिहास शिकलेल्या आपल्याला एका नांगरकऱ्याच्या बायकोचे नाव दोन हजार वर्षांनंतर दगडावर भेटते.

आणि या लेखांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. भाज्याला महारठी विण्हुदत्त याने पोढी दान दिली. बेडशाला महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका हिने पोढी दिली. पावसाळ्यात डोंगर धो धो वाहतो आणि फाल्गुन-चैत्रात तिथे घोटभर पाणी मिळत नाही, हे ज्याने सह्याद्री पायाखाली घातला त्याला ठाऊक आहे. अशा ठिकाणी कातळ फोडून पाणी साठवायचे आणि ते संघाला द्यायचे, याला त्या काळच्या माणसांनी 'देयधम्म' म्हटले. देण्याचा धम्म.

त्या काळी उच्चनीचता नव्हतीच, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. महारठी सत्तेतलेच लोक होते. पण ज्या संघाला हे पाणी दिले गेले, त्या संघात शिरताना जात गळून पडावी अशी तथागतांची शिकवण होती. याच सह्याद्रीच्या कुशीत पुढे पाण्याला विटाळ चिकटला. पोढीपासून चवदार तळ्यापर्यंतचा हा उलटा प्रवास कसा झाला, हा या दऱ्यांचा खरा इतिहास आहे. 'पांडवांनी एका रात्रीत कोरले' या एका वाक्याने तो सगळा पुसला जातो.

आजची दरी कोणाची?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात लोहगड आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. शिवरायांचे गड राखणाऱ्यांमध्ये महार, मांग, रामोशी, कोळी असे सगळेच होते. आता गर्दी वाढेल, घरगुती मुक्काम, तंबू, जेवणावळी वाढतील. पैसा येईल. तो कोणाच्या घरात जाईल?

एक अनुभव सांगतो. आम्ही अकरा जण अशाच एका दरीतल्या गावात जेवायला थांबलो. आधी फोन करून सांगितले होते. पडवीत स्टीलची ताटे मांडलेली होती. यजमान आजोबा प्रेमाने बोलत होते. "पाव्हणं कुठलं? आडनाव काय म्हणालात?" आमच्यातल्या एकाने आडनाव सांगितले. आत कुजबुज झाली. ताटे उचलली गेली आणि कागदी पत्रावळी आल्या. "एवढ्या जणांची भांडी कोण घासणार," असे कारण मिळाले. शेजारच्या पंगतीत चौदा जण स्टीलच्या ताटात जेवत होते. पाण्याचा तांब्या आमच्यापुढे ठेवला नाही, वरून बाटलीत पाणी ओतले.

कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकलले नाही, पैसे पूर्ण घेतले. १९३४ चा शिपाई आता दिसत नाही, एवढाच फरक.

जेवण अर्धवट टाकून आम्ही बौद्धवस्तीकडे गेलो. तिथल्या एका मावशींनी "जय भीम" म्हणत चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आधी इकडंच का न्हाई आलात, बाळांनो?" त्यांच्या या प्रश्नाने आम्ही खजील झालो. खरेच, का नाही गेलो? कारण त्यांच्या घराची पाटी रस्त्यावर नाही. घर गावाच्या टोकाला, गाडी तिथवर जात नाही. पिठले-भाकरी त्यांनाही येते. पण पर्यटनाचा धंदा करायला रस्त्यालगतची जमीन लागते, गाडी लावायला जागा लागते, हाताशी भांडवल लागते. कृषी पर्यटनाच्या योजना येतात, पण ज्याला सातबाराच नाही त्याने कुठली शेती दाखवायची?

जमिनीचा प्रश्न इथेच येतो. महार वतनाची गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. वतने कायद्याने गेली. त्या जमिनींचे पुढे काय झाले? डोंगराच्या उतारावर आज जे बंगले उभे आहेत, त्यांतले किती वतनाच्या जमिनीवर आहेत? आपल्या आजोबांच्या अंगठ्यावर किती व्यवहार झाले? ट्रेकला जाणाऱ्या वकिली शिकणाऱ्या मुलांनो, हा तुमचा अभ्यासाचा विषय आहे.

पाण्याचेही तसेच. पवनेच्या काठावर तंबूत झोपून पहाटेचे फोटो काढताना एवढे आठवा, की पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्या दलितांची आणि कातकऱ्यांची गणती कोणत्या यादीत झाली? तंबूतल्या पाहुण्याला हा प्रश्न पडत नाही. आपल्याला पडला पाहिजे.

आपलेही चुकते

दुसऱ्यांना दोष देऊन थांबणे सोपे आहे. लेण्यांवर जाताना आपणही चुका करतो. चैत्यगृहात मोठ्याने गाणी लावतो. दगडाला रंग फासतो, मेणबत्त्यांची काजळी धरवतो, नाव आणि तारीख कोरतो. ज्या भिंतीवर बाधाचे नाव आहे तिथेच आपले नाव ओरखडणे हा वारशाचा अभिमान नव्हे.

कार्ल्याला चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरेचे मंदिर आहे. चैत्रात हजारो आगरी-कोळी बांधव पालख्या घेऊन येतात. तेही कष्टकरी, तेही बहुजन. "हे आमचे, तुम्ही निघा" असे म्हणून त्यांच्याशी भांडण काढणारा कार्यकर्ता दुसऱ्याच कोणाचे तरी काम सोपे करतो. त्यापेक्षा रांगेतल्या कोळी भावाला शेजारच्या खांबावरचे नाव वाचून दाखवा. आम्ही हे केले आहे. माणसे थांबतात, ऐकतात, मुलांना बोलावून ऐकवतात.

मग काय करायचे?

ब्राह्मी लिपी शिका. मन लावले तर काही आठवड्यांत अक्षरे ओळखता येतात. गटातल्या दोघांना तरी ती वाचता आली पाहिजे.

जेवण आणि मुक्काम बौद्धवस्तीत, मातंगवस्तीत, कातकरी-ठाकरांच्या पाड्यावर मागा. आधी कळवा, ठरलेले पैसे पूर्ण द्या, घासाघीस करू नका. पाहुणचार म्हणून फुकट जेवणे हेही शोषणच आहे.

गावात पाच प्रश्न विचारा आणि वहीत उतरवा. पाणी कुठून येते? स्मशानाला जागा आहे का? वस्तीपर्यंत रस्ता आहे का? जमीन किती जणांच्या नावावर आहे? पर्यटनातून कोणाला काम मिळते आणि कसले? परत आल्यावर ही वही कपाटात पडू देऊ नका. ग्रामसभेत, तहसीलदाराकडे ती उपयोगी पडते.

मुलींना बरोबर घ्या, त्यांना पुढे चालू द्या. आणि पावसात धबधब्याखाली, धरणाच्या सांडव्यावर, निसरड्या कड्यावर मर्दुमकी दाखवू नका. चळवळीला तुम्ही जिवंत हवे आहात.

त्या ज्येष्ठ कार्यकर्त्याला आम्ही पुढच्या वेळी बेडशाला घेऊन जाणार आहोत. पायऱ्या बऱ्याच आहेत, सावकाश नेऊ. वर पोहोचलो की सामडिनिकेच्या पोढीशी बसवू आणि तिच्या दानाचा लेख वाचून दाखवू. उतरताना जेवण वस्तीवरच्या मावशींकडे सांगितले आहे. ताटे स्टीलची असतील, आणि पाण्याचा तांब्या मध्ये ठेवलेला असेल.

जय भीम!