बसऱ्याची बटणं

जुन्या वस्तूंबद्दल आपल्या घराघरांत एक नियम असतो. वस्तू घरातल्या सगळ्यात पराक्रमी माणसाची ठरते! तलवार असली की ती पानिपतावर जाऊन आलेली असते आणि पितळी बटण असलं की ते पहिल्या महायुद्धातलं असतं. मला हे पटत नाही. का पटत नाही तेच आज लिहितोय. घरच्या मंडळींनी रागावू नये.

सैन्याचं बटण ही फार बोलकी वस्तू आहे. ब्रिटिश सैन्यात १७६७ साली पलटणीचा नंबर बटणावर घालायचा हुकूम निघाला. साध्या शिपायाची बटणं कथिलाच्या मिश्रधातूची आणि अधिकाऱ्यांची सोन्या-चांदीच्या मुलाम्याची. १८५५ मध्ये शिपायांना पितळ मिळालं. १८७१ पासून तिथल्या बहुतेक साध्या शिपायांच्या बटणावरून पलटणच गेली आणि सगळ्यांना एकच राजमुद्रेचं बटण आलं. अधिकाऱ्याचं बटण मात्र पलटणीचं नाव सांगत राहिलं. म्हणजे बटणातसुद्धा नाव साहेबाचं टिकलं, शिपाई गर्दीत गेला. मला हे वाचल्यावर वाईट वाटलं होतं.

साल काढायचं तर आधी मुकुट बघायचा. कमानी वर गोल घुमटासारख्या असतील तर तो ट्यूडर मुकुट, १९०१ नंतरच्या राजांचा. कमानी मधोमध खाली दबलेल्या असतील तर तो एलिझाबेथ राणीच्या काळातला, १९५२ नंतरचा. आता यात एक गंमत झाली आहे. २०२२ मध्ये राजे चार्ल्स यांनी पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला, त्यामुळे घुमटवाला मुकुट दिसला की बटण जुनंच, असं आता म्हणता येत नाही. आपल्याकडे हे सोपं आहे. २६ जानेवारी १९५० नंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. मग बटण उलटं करायचं. मागे कारखान्याचं नाव असतं, लंडनचे फर्मिन, बर्मिंगहॅमचे गाँट वगैरे. नाव आणि पत्ता बदलत गेला, त्यावरूनही काळ जुळवता येतो.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडे एका डब्यात अकरा बटणं आहेत. घरात त्यांना 'बसऱ्याची बटणं' म्हणतात. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले होते हे खरं आहे. कुतच्या वेढ्यात १९१६ साली मराठा पलटणींचं काय झालं हे इतिहासात आहेच. माझ्या चुलतभावाला ही बटणं फ्रेम करून खाली 'बसरा, १९१६' असं लिहायचंय. मी नको म्हणतोय, कारण अकरापैकी नऊ बटणांवर सिंह आहेत! ती १९५० च्या आधीची असूच शकत नाहीत. उरलेल्या दोनांवर घुमटवाला मुकुट आहे. ती पणजोबांची असतील किंवा नसतीलही.

मग ती नऊ कुणाची? आमच्या घरात १९५० नंतर फौजेत एकच माणूस होता, आमचे धाकटे आजोबा. फारसं न बोलणारे. निवृत्तीनंतर ब्लेझर घालून लग्नकार्यात कोपऱ्यात बसायचे. त्यांची एकही गोष्ट आम्हा भावंडांना सांगता येत नाही, कारण कुणी विचारलीच नाही. ब्लेझरला पलटणीची बटणं लावायची पद्धत निवृत्त फौजींत आहे, त्यामुळे ती लढाईतली नसून ब्लेझरचीही असतील. पण त्यांची आहेत, असं मला वाटतं.

चुलतभाऊ म्हणतो, "काय फरक पडतो रे, घराण्याचंच नाव होतंय ना?" फरक पडतो. पणजोबांना त्या नऊ बटणांची गरज नाही. ती त्यांना दिली की धाकट्या आजोबांकडे काहीच उरत नाही. आपण खोटं बोललो एवढंच नाही, एका माणसाचं उचलून दुसऱ्याला दिलं.

आणि बटण तरी किती सांगणार? ते 'याच्या आधी नाही' एवढं ठामपणे सांगतं. कोट बदलला तरी बटणं काढून पुन्हा लावत, त्यामुळे 'याच्या नंतर नाही' हे त्याला सांगता येत नाही. कुणी घातलं हे तर मुळीच नाही. ते माणसांनीच लिहून ठेवायचं असतं.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी अशी बटणं असतील तर पितांबरी किंवा चिंच लावून घासू नका, मुलामा पातळ असतो, निघून जातो. कोटावर असतील तर कोटावरच राहू द्या. पुढून-मागून फोटो काढा आणि वस्तू कुणाकडून आली त्याची चिठ्ठी सोबत ठेवा. नक्की माहीत नसेल तर 'नक्की माहीत नाही' असंच लिहा. त्यात घराण्याचा काही कमीपणा नाही.

असो. तुमच्याकडे अशी कुणाची वस्तू कुणाच्या नावावर चढली आहे का? जरूर कळवा.