‘फॉर्मॅट मारा’ म्हणणाऱ्यांनो...

दोन महिन्यांपूर्वी बाबांचा फोन आला. "अरे, हा कॉम्प्युटर रात्रभर जागाच असतो. पूर्वी पंधरा मिनिटांनी झोपायचा. स्क्रीनसेव्हरही येत नाही आता." मी ऑफिसात, बिल्ड फुटलेलं, डोकं तापलेलं. म्हटलं, "बाबा, तुम्हीच काहीतरी सेटिंग बदललं असेल." आणि फोन ठेवला.

त्यांनी काहीही बदललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला आला. पाच मिनिटं बघून त्याने आपल्याकडचं सर्वमान्य निदान केलं, "काका, व्हायरस आहे. फॉर्मॅट मारावा लागेल." सी ड्राइव्ह साफ! दोन वर्षं खपून बाबा आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करत होते. ती फाइल डेस्कटॉपवर. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. घरातल्या इंजिनियरनेही नाही. आणि एवढं होऊन त्या रात्री कॉम्प्युटर जागाच!

शनिवारी घरी गेलो. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडली आणि ‘पॉवरसीएफजी स्लॅश रिक्वेस्ट्स’ ही आज्ञा दिली. कोणता प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर मशीनला झोपू देत नाही, त्याची यादी यात येते. ऑडिओचा ड्रायव्हर इथे बऱ्याचदा सापडतो. आमच्याकडे सगळीकडे ‘नन’. म्हणजे मशीन जागं राहा असं कुणी सांगतच नव्हतं.

मग उरलं एकच. मशीन शेवटच्या हालचालीपासून वेळ मोजतं. कीबोर्ड किंवा माउसकडून काही आलं की मोजणी पुन्हा शून्यावर. आणि ही हालचाल त्या यादीत दिसत नाही! स्क्रीनसेव्हर एक मिनिटावर लावला, एकेक वायर काढत गेलो आणि दर वेळी दोन मिनिटं हात न लावता बसलो. प्रिंटर काढला, काही नाही. वेबकॅम काढला, काही नाही. माउस काढला... आणि स्क्रीनसेव्हर आला.

माउस चांगला होता. खरी भानगड टेबलाची होती. आईने नुकतीच त्यावर काच बसवून घेतली होती. ऑप्टिकल माउसच्या पोटात छोटा कॅमेरा असतो. तो सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढून एकमेकांशी ताडून बघतो. गुळगुळीत पारदर्शक काचेवर त्याला धरायला खूण मिळत नाही, मग तो जागच्या जागी थरथरतो. डोळ्यांना दिसणारही नाही इतकं, पण मशीनला वाटतं माणूस बसलाय. माउसखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली. प्रश्न मिटला. खर्च शून्य.

आता मुद्द्यावर येतो. माझा राग कोपऱ्यावरच्या माणसावर कमी आहे. त्याला फॉर्मॅटचे पैसे मिळतात, निदानाचे नाही. राग आहे आपल्यावर, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर. शेवटची हालचाल कुठल्या उपकरणाने केली हे मशीनला कळतं. मग ते सांगत का नाही? मायक्रोफोन चालू असला की खाली कोपऱ्यात चिन्ह दिसतं. फोन कुठल्या अॅपने किती बॅटरी खाल्ली ते सांगतो. मग "तुमचा माउस तासभर थरथरतोय, बघा जरा" एवढं एक वाक्य का नाही?

माझा एक मित्र म्हणतो, "सामान्य माणसाला एवढी माहिती दिली तर तो गोंधळतो." अरे, माहिती न दिल्यामुळे त्याची फाइल गेली, त्याचं काय? बाबांनी आयुष्यभर बँकेतले हिशेब जुळवले. एका माउसने ते गोंधळणार?

दुसरा म्हणतो, हा ‘युजर एरर’. काच बसवणं हा एरर? की आज्ञा काळ्या खिडकीत दडवणं हा? आणि आपला कोड तरी कुठे शहाणा? डिस्प्ले चालू ठेव असं विंडोजला सांगायला एक ओळ लागते, ती सूचना मागे घ्यायला दुसरी. पहिली सगळे लिहितात. दुसरी मीही एकदा विसरलोय. प्रोग्रॅम बंद होईपर्यंत लोकांचे स्क्रीन जळत राहिले असणार, आणि कुठल्यातरी घरात मुलगा म्हणाला असणार, "तुम्हीच काहीतरी केलं असेल."

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घरून फोन आला तर फॉर्मॅटच्या आधी एवढं करा. झोपतच नसेल तर वरची आज्ञा, मग एकेक वायर. झोपून आपोआप उठत असेल तर ‘पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक’, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउस नि नेटवर्क कार्डाची मशीनला उठवायची परवानगी काढून टाका. आणि सगळ्यात आधी फाइलींची कॉपी घ्या.

कुलवृत्तांताची पहिली चाळीस पानं आत्याकडे प्रिंट काढून दिलेली होती, तेवढी वाचली. बाबा पुन्हा टाइप करतायत. मी दर रविवारी फोन करून बॅकअपचं विचारतो. ते म्हणतात, "घेतला रे." आवाजात राग नसतो, आणि तेच जास्त लागतं.