दोष लिनक्सचा नव्हे



‘लघुउद्योजकांनी लिनक्सवर मेल सर्व्हर ठेवू नये, कोटेशन्स पोचत नाहीत’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. लिनक्सवरचा पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मेल पाठवतोच. अडवणूक पलीकडे होते. लॉगमध्ये जीमेलचे ‘550-5.7.25’ दिसले, की आयपीची पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी) नोंद नाही किंवा ती जुळत नाही असे समजावे. ही नोंद डोमेनच्या पॅनेलवर होत नाही, ती इंटरनेट पुरवठादाराकडूनच करून घ्यावी लागते आणि त्यासाठी स्थिर आयपी हवा. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपने तशी लेखी मागणी केली, तेव्हा चाकणच्या ग्राहकांना कोटेशन्स मिळू लागली.

खरी काळजी सेंटओएस 7 या जुन्या लिनक्स आवृत्तीची आहे. त्याचे सुरक्षा अपडेट्स 30 जून 2024 रोजी थांबले. अजून त्यावर असलेल्यांनी येत्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीतच बॅकअप घेऊन डेबियन किंवा अल्मालिनक्सवर जावे.

– एक वाचक, भोसरी