लॉन हिरवं, खाडी उजाड



गेल्या महिन्यात आमच्या एचओएचं पत्र आलं. आपलं लॉन कॉलनीच्या दर्जाला साजेसं नाही, तीस दिवसांत सुधारणा करावी, वगैरे. कारण एवढंच, की दोन वर्षांपासून मी खत टाकणं बंद केलंय. सौ. म्हणाली, "टाका की थोडंसं, कशाला नसता वाद!" इथल्या दोघातिघा मित्रांनीही हेच सुचवलं. म्हणून हा पत्रप्रपंच.

आम्ही राहतो फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, ब्रेव्हर्ड काउंटीत. घरापासून पाच मिनिटांवर इंडियन रिव्हर लगून. नावात रिव्हर असलं तरी नदी नव्हे. १५६ मैल लांब, उथळ, मचूळ पाण्याची खाडीच म्हणा ना. तिच्या तळाशी समुद्री गवताची कुरणं होती. शेवाळ नव्हे हं! याला मुळं असतात, पाण्याखालीच फुलं येतात, बी धरतं, आणि आपल्या हरळीसारखं ते जमिनीतून सरकत सरकत पसरतं. माशांची पिल्लं, कोळंबी, खेकडे यांचं हे पाळणाघर. मुळं गाळ धरून ठेवतात म्हणून पाणी नितळ राहतं, आणि पाणी नितळ म्हणून गवताला ऊन मिळतं. सगळी गोम इथेच आहे. या गवताला शेवाळापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो.

खतांतला आणि सांडपाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस पाण्यात उतरला की सूक्ष्म शेवाळ माजतं. २०११ साली ते असं काही माजलं की ऊन तळापर्यंत पोचेना. गवत मेलं, कुजलं, त्यातून पुन्हा शेवाळालाच खाद्य मिळालं. मुळं गेली तसा गाळ सुटला, पाणी आणखी गढूळ झालं. उत्तर भागात समुद्राशी पाण्याची देवघेव फार कमी, त्यामुळे घाण वाहूनही जात नाही. २००९ नंतरच्या दशकभरात निम्म्याहून जास्त कुरणं गेली.

मग पाळी आली मॅनेटीची. हजार पौंडांचा शाकाहारी जीव, रोज वजनाच्या ४ ते ९ टक्के चारा लागतो. पाणी ६८ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की त्याला सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात ते वीजकेंद्राच्या कोमट पाण्यापाशी गोळा होतात. चारा नेमका तिथलाच संपलेला. दूर जावं तर गारठा, थांबावं तर उपास. २०२१ मध्ये राज्यभरात सुमारे ११०० मॅनेटी मेले, त्यातले बरेच उपासमारीने. बरगड्या दिसणारे मॅनेटी मी धक्क्यावरून पाहिलेत. मुलगी सोबत होती, तिला काय सांगावं कळेना.

त्या हिवाळ्यात सरकारने त्यांना दोन लाख पौंडांवर लेट्यूस खाऊ घातलं. देणगीदारांनी पैसे दिले, मीही दिले. जीव वाचत असतील तर ते योग्यच, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! चेक लिहिला त्याच आठवड्यात माझ्या लॉनवर खतवाला फवारून गेला होता.

"तुझ्या एका लॉनने काय होणार?" हा प्रश्न ठरलेला. खरंय, एकट्या लॉनचा दोष नाही. सेप्टिक टँकचा वाटा मोठा आहे, तळाशी साचलेला जुना काळा गाळ आहे. म्हणून २०१६ मध्ये इथल्या मतदारांनी खाडीसाठी अर्ध्या सेंटचा जादा विक्रीकर स्वतःवर लादून घेतला. पण सेप्टिक काढून गटारजोडणी करायला वर्षं आणि हजारो डॉलर लागतात. खत थांबवायला एक फोन पुरतो. काउंटीत १ जून ते ३० सप्टेंबर नायट्रोजन-फॉस्फरसच्या खताला बंदी आहे. आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? स्प्रिंकलरला येणारं पुनर्वापराचं पाणी असेल तर त्यातच खत असतं, हे तरी? मला नव्हतं. आणि म्हणे आपण इंजिनियर!

हे सगळं व्यर्थ आहे असंही नाही. पश्चिम किनाऱ्यावर टँपा बेमध्ये सांडपाणी सुधारल्यावर गवत परतलं, २०१६ मध्ये ४१ हजार एकरांवर गेलं. पुढे पुन्हा घटलं, म्हणजे एकदा करून हात झटकता येत नाहीत. आमच्याकडेही उत्तरेला थोडं गवत उगवलंय, इतकं की २०२३-२४ च्या हिवाळ्यात लेट्यूस द्यावं लागलं नाही.

असो. एचओएला उत्तर धाडलंय. फ्लॉरिडाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे कमी पाण्याची, कमी खताची 'फ्लॉरिडा-फ्रेंडली' बाग करायला ते मनाई करू शकत नाहीत. पुढची मीटिंग मंगळवारी आहे. कॉलनीत आपली चार मराठी घरं आहेत. बाकी तिघांपैकी कुणी येणार असेल तर कळवा, चहा माझ्याकडे.

चू.भू.द्या.घ्या.