पाहुण्यांना कोणतं पुणे दाखवणार? सुरुवात गायकवाड वाड्यापासून करा!

पुण्यात पाहुणा आला की त्याची सहल ठरलेली असते. सकाळी शनिवारवाडा, मग दगडूशेठ, तुळशीबागेत खरेदी, दुपारी मिसळ, संध्याकाळी सारसबाग, वेळ उरला तर पर्वती. नारायण पेठेत मुक्काम असेल तर केसरीवाडाही. यात वाईट काही नाही. मिसळ आपणही आवडीने खातो. प्रश्न यादीचा नाही. प्रश्न आहे तो त्या ठिकाणी उभं राहून काय सांगितलं जातं आणि काय गाळलं जातं याचा.

नारायण पेठेतला केसरीवाडा म्हणजे जुना गायकवाड वाडा. बडोद्याच्या गायकवाडांकडून तो टिळकांकडे आला. याच बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं. मार्च १९१८ मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली, तिचे अध्यक्षही सयाजीरावच होते. त्या परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केलं, पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनसुद्धा छापली नाही. तेव्हा टिळक हयात होते. वाडा दाखवताना 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क' हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. जन्माने कोणाला किती हक्क मिळत होते, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

पण या वाड्याची खरी गोष्ट यापुढेच आहे. टिळकांचे धाकटे चिरंजीव श्रीधर बळवंत टिळक, म्हणजे श्रीधरपंत, बाबासाहेबांचे सहकारी होते. बाबासाहेबांनी सुरू केलेल्या समाज समता संघाची पुण्याची शाखा श्रीधरपंतांनी ८ एप्रिल १९२८ रोजी याच वाड्यात उघडली. बाबासाहेब स्वतः आले होते. सहभोजन झालं. ज्या शहरात पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, त्या शहराच्या मधोमध, टिळकांच्याच वाड्यात, सगळ्या जातींची माणसं एका पंगतीला बसली. वाड्यातल्या गणेशोत्सवात पां. ना. राजभोजांचा अस्पृश्य मेळा आणण्यासाठीही श्रीधरपंत 'केसरी'च्या विश्वस्तांशी भांडले होते. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी आपल्या जीवनगाथेत हे सारं लिहून ठेवलं आहे.

त्या सहभोजनाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच २५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी भांबुर्डा स्टेशनजवळ रेल्वेखाली जीव दिला. विश्वस्तांशी चाललेल्या वादाने आणि कोर्टकचेरीने त्यांना पोखरून टाकलं होतं. जाण्यापूर्वी त्यांनी जी शेवटची पत्रं लिहिली, त्यातलं एक बाबासाहेबांना होतं. लोकमान्य ही पदवी कोणाला शोभत असेल तर ती श्रीधरपंतांना, असं बाबासाहेबांनी पुढे लिहिलं.

आता सांगा, पुणे दाखवणारे किती जण ही गोष्ट सांगतात? नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलामुलींना मी श्रीधरपंतांबद्दल नेहमी विचारतो. बहुतेकांना नाव माहीत नसतं. ही मुलं नांदेड, लातूर, बीड, यवतमाळहून आलेली असतात. कॉट बेसिसवर राहतात, रात्रंदिवस स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. टिळकांची सगळी सालं त्यांना पाठ असतात. ज्या वाड्यावरून ती रोज मेसला जातात, त्या वाड्यात बाबासाहेब येऊन गेले हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. खोली बघायला गेल्यावर आधी आडनाव विचारलं जातं. अशा वेळी या मुलांना वाटतं, हे शहर त्यांचं, आपण इथले भाडेकरू. गाळलेल्या इतिहासाचा परिणाम हा असा होतो. माणूस आपल्याच गावात परका होतो.

श्रीधरपंत का गाळले जातात? कारण ते दोन्ही बाजूंच्या सोयीचे नाहीत. वडिलांचा जयजयकार करणाऱ्यांना मुलगा अडचणीचा वाटतो. आणि आंबेडकरवादी म्हणजे ब्राह्मणद्वेष्टे, असा शिक्का मारणाऱ्यांना तर ते त्याहून अडचणीचे. बाबासाहेबांचं भांडण जन्माशी नव्हतं, जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेशी होतं. याचा पुरावा नारायण पेठेत भर रस्त्यावर उभा आहे.

म्हणून मित्रांनो, पाहुणा आला की सुरुवात गायकवाड वाड्यापासून करा. तिथून चालत शनिवारवाड्यावर या. शनिवारवाडा जरूर दाखवा. मस्तानी आणि 'काका मला वाचवा'बरोबर मडकं आणि झाडूही सांगा. पुढे दगडूशेठच्या समोर भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. भाडेकरूंच्या खटल्यात ही जागा वर्षानुवर्षे अडकली आणि डिसेंबर २०२३ मध्ये जुनी इमारत पाडली गेली. दगडूशेठला रांग लावणाऱ्या आपल्या लेकीला हातभर वळून ही जागा दाखवा. ती आज शिकते आहे, त्याची सुरुवात रस्त्याच्या त्या बाजूला झाली.

तिथून गंज पेठेत फुले वाड्यावर जा. १८६८ मध्ये जोतिरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद इथला. याच पेठेत लहुजी वस्तादांची तालीम आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने वयाच्या चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे सगळं अर्ध्या दिवसात, पायी होतं. तिकिटाचा खर्चही जवळपास नाही.

संध्याकाळी पर्वतीवर जायचंच आहे ना? जा. १०३ पायऱ्या चढताना १३ ऑक्टोबर १९२९ ची आठवण सांगा. शिवराम जानबा कांबळे, राजभोज आणि त्यांचे साथी मंदिर प्रवेशासाठी इथे आले आणि त्यांच्यावर दगड बरसले. वरून दिसणारं शहर सुंदर आहे, पण पायऱ्यांवर रक्त कोणाचं सांडलं हे कळलं तरच ते पुरतं दिसतं.

दुसरा दिवस असेल तर सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसने उभारलेल्या संग्रहालयात जा. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत. मग देहूरोडचं बुद्धविहार. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे स्वतःच्या हाताने बुद्धमूर्ती बसवली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी.

काही जण म्हणतील, पाहुणे फिरायला येतात, त्यात जात कशाला आणता? अहो, जात आम्ही आणली नाही. पेठांची वस्ती, हौदांचं पाणी, मंदिराच्या पायऱ्या, सगळं जातीनेच वाटलेलं होतं. आम्ही फक्त त्या दगडांवरची धूळ झटकतो. पेशव्यांचं कौतुक केलं तर तो 'वारसा' आणि फुल्यांचं नाव घेतलं तर तो 'जातीवाद', हा न्याय आता चालणार नाही.

आणि थोडं आपल्याही चळवळीला. १ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखोंनी जमतो, हे अभिमानाचं आहे. पण बाकीचे ३६४ दिवस? जयंतीच्या डीजेवर जो पैसा उडतो, त्याच्या एका छोट्या वाट्यात गावाकडच्या शाळेची एक बस पुण्याला येऊन हा सगळा मार्ग पाहून जाईल. प्रत्येक विहाराने, प्रत्येक वसतिगृहाने महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवावा. सांगणारा पगारी गाईड नको. दहा तारखा आणि दहा नावं नीट पाठ असलेला एक कार्यकर्ता पुरे.

पुढच्या वेळी गावाहून आई-बाबा तुमच्या कॉटवर दोन दिवस राहायला आले की त्यांना गायकवाड वाड्यासमोर उभं करा आणि सांगा, इथे बाबासाहेब आले होते, इथे सगळे एका पंगतीत जेवले होते. मग बघा, हे शहर त्यांना कसं दिसतं ते.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!